जे झिजेल ते पोटात जाईल

प्रस्तावना

हार्डवेअरच्या दुकानात जाऊन लाकडी वाडग्याला लावायला पॉलिश मागितले, तर दुकानदार बहुधा एकच प्रश्न विचारतो : चकचकीत हवे की मॅट? वाडग्यात सुका मेवा ठेवणार, दहीभात कालवणार की गरम आमटी वाढणार, हे तो विचारत नाही आणि त्याने विचारावे अशी अपेक्षाही नसते. त्याच्याकडचे डबे दारांसाठी, पलंगांसाठी, देव्हाऱ्यांसाठी असतात. दाराला कुणी तोंड लावत नाही. वाडगा मात्र रोज चमच्याने खरवडला जातो, भांड्यांच्या ढिगात घासला जातो, त्यात लिंबू पिळले जाते, मीठ पडते. त्याच्यावर जे काही लावले असेल ते कणाकणाने सुटत राहते आणि त्यातले बरेचसे जेवणाऱ्याच्या पोटात जाते.

हे पुस्तक त्या सुटणाऱ्या थराविषयी आहे. ओंडका कसा निवडावा, लेथवर कसा बसवावा, गोल पटाशी कशी धरावी, हे इथे नाही. वाडगा लेथवरून उतरल्यावर त्याला काय लावायचे आणि काय लावायचे नाही, एवढाच विषय आहे. तो लहान वाटतो. पण कातकामाला नव्याने लागलेली माणसे नेमकी इथे येऊन अडतात. एक जण सांगतो खोबरेल चोळा, दुसरा सांगतो मधमाश्यांचे मेण लावा, तिसरा सांगतो पीयूचे (पॉलियुरेथेनचे) तीन हात मारा आणि विसरून जा. तिघांच्याही सांगण्यात तथ्य असते. फक्त तिघेही तीन वेगळ्या वाडग्यांबद्दल बोलत असतात आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही.

गोंधळात भर घालतो तो डब्यावरचा ‘फूड सेफ’ हा शिक्का. तो वाचला की खरेदी करणाऱ्याचे समाधान होते. प्रत्यक्षात त्या दोन शब्दांमागे प्रत्येक देशात वेगळा कायदा असतो आणि कित्येकदा कोणताच नसतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या नियमावलीत अन्नाला स्पर्श करणाऱ्या लेपांसाठी एक कलम आहे, शीर्षक 21 मधले 175.300. त्यात लेप कोणत्या घटकांपासून करता येईल याची लांबलचक यादी आहे आणि पुढे अट आहे की पूर्ण सुकलेला लेप पाणी, मद्यार्क वगैरे द्रावकांत ठरावीक प्रमाणाबाहेर विरघळता कामा नये. म्हणजे परीक्षा सुकलेल्या लेपाची होते. डब्यातल्या पातळ द्रवाची नव्हे. युरोपातले लेप बनवणारे डब्यावर ‘ईएन 71-3’ असे छापतात. ते खेळण्यांचे मानक आहे. मुलाने खेळणे तोंडात घातले तर त्यातून शिसे, कॅडमियम यांसारखी मूलद्रव्ये किती बाहेर येतील, याची मर्यादा ते घालून देते. उपयोगाचेच मानक, पण त्यात गरम आमटीचा विचार केलेला नाही.

लाकडाच्या पॉलिशवर लिहिणाऱ्यांत अमेरिकेच्या बॉब फ्लेक्सनर यांचा शब्द मानला जातो. त्यांचे म्हणणे असे की बाजारात मिळणारा कोणताही पारदर्शक लेप एकदा पूर्ण सुकला की अन्नासाठी सुरक्षितच असतो आणि ‘फूड सेफ’ हा शिक्का विक्रीची युक्ती आहे. हे म्हणणे रसायनाच्या बाजूने पाहिले तर बरेचसे पटते. मात्र ते ज्या बाजारपेठेबद्दल लिहितात तिथे डब्यात काय आहे याची माहितीपत्रके सहज मिळतात. आपल्याकडे सुट्या बाटलीत मिळणाऱ्या पॉलिशवर पुष्कळदा नावापलीकडे काही लिहिलेले नसते. शिवाय ‘सुकल्यावर काय’ हा प्रश्न तिथे सुटतो, पण वाडग्याच्या बाबतीत त्यापुढेही एक प्रश्न उरतो.

या पुस्तकाची सगळी मांडणी तीन प्रश्नांवर उभी आहे. लावताना त्यात काय असते? सुकल्यावर त्याचे काय होते? आणि झिजल्यावर त्याचे काय करायचे? पहिला प्रश्न कातणाऱ्याच्या फुप्फुसांचा आणि कातडीचा आहे. दुसरा रसायनाचा. तिसरा मात्र जेवणाऱ्याच्या घरचा आहे आणि तोच सहसा कुणी विचारत नाही. माझे म्हणणे थोडक्यात असे : वाडग्यासाठी लेप निवडताना निकाल तिसऱ्या प्रश्नावर लावावा. जो लेप वापरणाऱ्याला आपल्या ओट्यावर, फडक्याने, दहा मिनिटांत पुन्हा लावता येतो, तो थोडा कमी टिकला तरी चालेल. जो वर्षानुवर्षे टिकतो पण बिघडल्यावर कारखान्यातच न्यावा लागतो, तो दारावर शोभतो.

लावतानाचे रूप आणि सुकल्यानंतरचे रूप यांत किती अंतर असू शकते, याचे सर्वांत ठळक उदाहरण जपानचे आहे. तिथल्या उरुशी झाडाच्या चिकापासून केलेल्या लेपाचे वाडगे, विशेषतः वाजिमा गावचे, जगभर नावाजलेले आहेत. त्यांत वाफाळते मिसो सूप वाढतात. पण हा चीक ओला असताना अंगाला लागला तर फोड येतात. मराठी वाचकाला हे पटकन कळेल, कारण उरुशी, बिब्बा, काजू आणि आंबा ही सगळी एकाच कुळातली झाडे. बिब्बा उततो तसाच उरुशीही उततो. गंमत अशी की हा चीक वाळवायला कोरडी हवा चालत नाही. त्यातल्या विकराला काम करायला ओलावा लागतो. म्हणून वाडगे दमट कपाटात ठेवतात. तिथे चिकाचे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि जो लेप तयार होतो त्याच्यावर गरम पाणी, आम्ल, मीठ, मद्यार्क कशाचाही फारसा परिणाम होत नाही. ओला असताना अंगावर फोड आणणारा हाच चीक सुकल्यावर जेवणाच्या भांड्यावर विसंबून वापरावा असा होतो.

पण म्हणून उतणाऱ्या कुळातले सगळेच सुकल्यावर निरुपद्रवी होते, असा उलटा निष्कर्ष काढू नये. कोकणात वाशांना, आढ्यांना वाळवीपासून वाचवण्यासाठी काजूच्या टरफलांचे तेल लावतात. ते वाशांवरच राहू द्यावे. वाडग्याला ते लावण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नये.

आता तेलांकडे येऊ, कारण वाडग्यांच्या बाबतीत खरी चर्चा तिथेच आहे.

तेल ‘सुकते’ असे आपण म्हणतो, तेव्हा पाण्यासारखे ते उडून जात नाही. हवेतला प्राणवायू घेऊन त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि द्रवाचे घन होते. म्हणूनच सुकताना जवसाच्या तेलाचे वजन घटण्याऐवजी वाढते. स्वयंपाकघरातल्या तेलाच्या डब्याच्या बाहेरून जो पिवळट चिकटा बसतो आणि साबणाने निघता निघत नाही, तो याच क्रियेचा अर्धवट राहिलेला नमुना आहे. डब्यावर तो नकोसा होतो. वाडग्यावर आपल्याला नेमका तोच, पण पूर्ण सुकलेला आणि पातळ हवा असतो.

कोणते तेल सुकेल हे त्यातल्या असंपृक्त मेदाम्लांवर ठरते आणि त्याचे माप म्हणजे आयोडीन मूल्य. जवसाचे ते साधारण 170 ते 200 असते, म्हणून जवस उत्तम सुकतो. अक्रोडाचे थोडे कमी, 130 ते 160च्या आसपास. तेही सुकते, सावकाश. चिनी टंग तेलाचे आकड्यात जवसापेक्षा कमी असले तरी त्याच्या रेणूंची ठेवण अशी आहे की त्याचा लेप पाण्यापुढे जवसापेक्षा अधिक टिकतो. करडईचे तेल सुकणाऱ्यांच्या यादीत खाली येते. पण ते पिवळे पडत नाही, म्हणून तैलचित्रकार पांढऱ्या रंगात ते वापरत आले आहेत. फिकट लाकडाच्या वाडग्याला करडई त्याच कारणाने बरी. फक्त घेताना पाहावे लागते, कारण आता ओलिक आम्ल जास्त असलेले करडईचे वाणही आले आहेत आणि त्यांचे तेल तळणाला चांगले असले तरी सुकत नाही. शेंगदाणा, खोबरेल आणि तूप यांचे आयोडीन मूल्य इतके कमी आहे की ते लाकडात तसेच ओले राहतात. तीळ मध्ये कुठेतरी : पूर्ण सुकत नाही, पूर्ण ओलाही राहत नाही, चिकट होतो.

विदर्भात जवसाची चटणी रोजच्या जेवणात असते आणि घाणीचे जवसाचे तेल अजून मिळते. वाडग्यासाठी तेच घ्यावे. ‘बॉइल्ड लिनसीड’ असे लिहिलेला हार्डवेअरचा डबा घेऊ नये. नावात उकळणे असले तरी आजकाल ते तेल उकळलेले नसते. लवकर सुकावे म्हणून त्यात कोबाल्ट, मँगनीज यांचे क्षार मिसळलेले असतात. पूर्वी शिसेही घालत. हे क्षार सुकलेल्या लेपात अडकून राहतात हे खरे, पण जो लेप झिजून पोटात जाणार त्यात ते मुळातच नसलेले बरे, आणि घाणीचे शुद्ध तेल असताना त्यांची गरजही नाही. किंमत एकच मोजावी लागते, ती वेळेची. कच्चे जवस पातळ हाताने लावले तरी पूर्ण सुकायला काही आठवडे घेते. पावसाळ्यात त्याहून जास्त. घाईची विक्री असेल तर हे तेल आपले नाही. सुकले की नाही हे पाहायचा सोपा उपाय म्हणजे वाडगा रात्रभर झाकून ठेवावा आणि सकाळी नाकाशी धरावा. तेलाचा वास आला तर अजून सुकलेले नाही.

अक्रोडाच्या तेलाबद्दल एक वेगळी खबरदारी आहे. ज्यांना सुक्या मेव्याची ॲलर्जी असते त्यांना ते चालेल असे गृहीत धरू नये. वाडगा भेट म्हणून कुणाच्या घरी जाईल हे आपल्याला ठाऊक नसते. तेव्हा अक्रोड वापरले असेल तर तसे लिहून द्यावे. टंग तेलाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या पुष्कळ बाटल्यांत टंग थोडे आणि व्हार्निश जास्त असते. ‘शुद्ध’ हा शब्द आणि घटकांची यादी दोन्ही असल्याखेरीज ती घेऊ नये.

सुकणाऱ्या तेलाचा आणखी एक गुण पुस्तकात ठळक चौकटीत दिला आहे, कारण त्याने माणसे मेली आहेत. तेल प्राणवायू घेते तेव्हा उष्णता बाहेर पडते. वाडग्यावरच्या पातळ थरातून ती हवेत निघून जाते. पण तेलाने भिजलेले फडके चुरगाळून कोपऱ्यात टाकले तर आतली उष्णता बाहेर पडत नाही, वाढत जाते आणि फडके आपोआप पेट घेते. 23 फेब्रुवारी 1991 रोजी फिलाडेल्फियातल्या ‘वन मेरिडियन प्लाझा’ या 38 मजली इमारतीला लागलेली आग जवसाच्या तेलाच्या अशाच फडक्यांतून सुरू झाली होती. लाकडी भिंतींच्या डागडुजीनंतर ती फडकी तिथे राहिली होती. तीन अग्निशामक जवान त्यात दगावले. म्हणून फडके वापरून झाले की दोरीवर एकेरी पसरून वाळवावे किंवा पाण्याच्या झाकणबंद डब्यात बुडवावे. काम छोटे असले तरी हा नियम मोडू नये.

न सुकणाऱ्या तेलांत एकच असे आहे जे कधी खवट होत नाही : औषधाच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन. ते पोट साफ व्हायला पितात, तेव्हा पोटात जाण्याची शंका नको. लाकडात ते मुरते, पाण्याला काही काळ अडवते आणि धुण्याने हळूहळू निघून जाते. निघून गेले की पुन्हा लावायचे, एवढेच. त्यात मधमाश्यांचे मेण वितळवून मिसळले की चोळायला सोयीचे मलम होते. वजनाने मेण एक भाग आणि तेल चार भाग हे प्रमाण पुष्कळ जण वापरतात. एक मर्यादा मात्र पक्की लक्षात ठेवावी. मधमाश्यांचे मेण 62 ते 64 अंश सेल्सिअसला वितळते. पातेल्यातून थेट ओतलेली आमटी त्याहून बरीच गरम असते. मेणाचा वाडगा कोशिंबिरीला, फळांना, पोह्यांना उत्तम. आमटीवर तवंग येईल तो तेलाचा नसेल. ब्राझीलच्या कार्नोबा ताडाचे मेण 80 अंशांच्या पुढे वितळते, म्हणून ते मिसळले तर थोडी मुदत वाढते, पण प्रश्न संपत नाही.

स्वयंपाकाच्या तेलांबद्दल सल्ला सगळ्यात जास्त मिळतो आणि सगळ्यात जास्त फसवतो. शेंगदाणा तेल लावलेला वाडगा पहिल्या दिवशी सुंदर दिसतो. काही आठवड्यांनी त्याला खवट वास येतो आणि तो वास लाकडाच्या रंध्रांत शिरला की लाकूड पुन्हा कातल्याखेरीज जात नाही. खोबरेल त्या मानाने बराच काळ टिकते, म्हणून कोकणात ते चालत आले. पण तेही कायमचे नाही. अमेरिकेत लाकडी सॅलडच्या वाडग्याला पाणी लावू नये, नुसते पुसावे, अशी एक पद्धत रुजली होती. सॅलडमधले तेल लाकडात मुरते आणि वाडगा मुरलेला होतो, असे म्हणत. मुरत होते ते खवट तेल.

भारतात लेथवर रंगवण्याची परंपरा लाखेची आहे. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे जी राळ सोडतात तिच्यापासून चपडा तयार होतो. झारखंड हा त्याचा मुख्य प्रदेश. रांचीजवळ नामकुम इथे 1924 पासून लाखेवर संशोधन करणारी संस्था आहे. लाखेची कांडी फिरणाऱ्या लाकडावर दाबली की घर्षणाने ती वितळते आणि लाकडावर पसरते. मग केवड्याच्या पानाने दाबून चकाकी आणतात. कर्नाटकातल्या चन्नपट्टणाची आणि आंध्रातल्या एटिकोप्पाकाची खेळणी अशीच होतात. सावंतवाडीच्या चितारी कारागिरांचे लाकडी कामही प्रसिद्ध आहे. औषधी गोळ्यांवर आणि मिठाईवर जो चकचकीत थर असतो तोही कधी कधी लाखेचा असतो. खाद्यपदार्थांत तिला ‘ई 904’ हा क्रमांक आहे. म्हणजे पोटात गेली तरी चिंता नाही.

तरीही लाख रोजच्या जेवणाच्या वाडग्याला योग्य नाही आणि कारण तिच्या स्वभावात आहे. ती साधारण 75 ते 80 अंशांना मऊ होते, मद्यार्कात विरघळते आणि सोड्याच्या किंवा भांड्याच्या साबणाच्या अल्कलीपुढेही टिकत नाही. गरम पदार्थ पडला की पांढरा डाग. जुन्या कारागिरांनी लाखेच्या लेथकामातून काय काय काढले ते पाहावे : करंडे, खेळणी, पाळण्यावरचे फिरते नक्षीकाम. कोरड्या आणि थंड वस्तू. आमटीचे वाडगे त्यांत नाहीत. सुक्या मेव्याचा, पानसुपारीचा, प्रसादाचा वाडगा असेल तर लाखेहून चांगला लेप शोधूनही सापडणार नाही. चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून लावणार असाल तर तो ताजा करावा. महिनोन्‌महिने ठेवलेल्या द्रावणात रासायनिक बदल होतो आणि ते लावल्यावर नीट कडक होत नाही. बोटाचे ठसे उमटत राहतात.

रंगाच्या बाबतीत मात्र परंपरेचे नाव पुढे करून चालत नाही. पिवळा आणि नारिंगी रंग खुलवण्यासाठी शिशाचे क्रोमेट वापरण्याची पद्धत जगभर होती. भारतात घरगुती रंगांतल्या शिशाची मर्यादा 2016 च्या नियमांनी 90 पीपीएम ठरवली आणि ती नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. सुटा रंग त्या मर्यादेत आहे की नाही हे नुसते पाहून कळत नाही. म्हणून नियम सोपा ठेवावा : वाडग्याच्या आत रंग नाही. बाहेरच्या अंगाला, काठापासून बोटभर खाली, हवा तो करावा.

राहिले आधुनिक लेप : मेलामाइन, पीयू, इपॉक्सी. यांचे आकर्षण मी समजू शकतो. काचेसारखा थर, डाग पडत नाही, पाणी मोत्यासारखे ओघळते. सुकल्यावर ते सहसा अन्नाशी काही करत नाहीत. पण मेलामाइनचे पॉलिश सुकताना फॉर्मल्डिहाइड सोडते, दोन घटकांच्या पीयूतले आयसोसायनेट फवारताना श्वासात गेले तर दमा होऊ शकतो. पहिल्या प्रश्नावर हे लेप कारागिराकडून मोठी किंमत घेतात. आणि तिसऱ्या प्रश्नावर ते हरतात.

लाकूड स्थिर नसते. हवेतला ओलावा वाढला की ते आडवे फुगते, कमी झाला की आकसते आणि वार्षिक वलयांच्या दिशेने ते जितके आकसते, त्याच्या साधारण निम्मेच केंद्राकडून सालीकडे आकसते. म्हणून गोल कातलेला वाडगा पहिल्या उन्हाळ्यात किंचित लंबगोल होतो. कोकणातल्या आषाढात तयार झालेला वाडगा नागपूरच्या मे महिन्यात गेला तर हे डोळ्यांना दिसते. त्याच्यावरचा कडक लेप लाकडाबरोबर सारखा हलू शकत नाही. कुठेतरी केसाएवढी भेग पडते, बहुधा काठाला किंवा जिथे लाकडाचे कापलेले टोक वर येते तिथे. भेगेतून पाणी आत जाते आणि बाहेर पडायला वाट उरत नाही. लेपाखाली काळे डाग धरतात, मग लेप पापुद्र्यासारखा सुटतो. आता हा पापुद्रा जेवणात येतो आणि वापरणाऱ्याला काहीही करता येत नाही. वाडगा परत लेथवर चढवून सगळा लेप काढल्याशिवाय उपाय नाही. तेलाचा वाडगा अशा वेळी फक्त फिका आणि कोरडा दिसतो. तेल चोळले की पूर्ववत.

एक पर्याय बाजारात विकला जात नाही म्हणून विसरला जातो : काहीच न लावणे. आपल्याकडच्या काठवटीला कोण पॉलिश करत होते? भाकरीचे पीठ मळून झाले की ती धुवायची, पुसायची आणि सावलीत उभी करून वाळवायची. उघड्या लाकडात जंतू वाढतील ही भीतीही तपासून पाहिली गेली आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठात डीन क्लायव्हर आणि सहकाऱ्यांनी मांस कापण्याच्या फळ्यांवर प्रयोग केले. 1994 मध्ये ते प्रसिद्ध झाले. लाकडावर टाकलेले जंतू ओलाव्याबरोबर पृष्ठभागाखाली ओढले गेले आणि बहुतेक परत मिळाले नाहीत. सुरीने चरे पडलेल्या प्लास्टिकवरून मात्र ते हाताने धुऊन नीट निघत नव्हते. याचा अर्थ लाकूड धुवायला नको असा नाही. धुवावे, पण भिजत ठेवू नये आणि कडक उन्हात वाळवू नये, तडकते.

उघडा वाडगा ठेवायचा असेल तर एक कृती आवश्यक आहे. काचकागदाने घासून झाल्यावर तो ओल्या फडक्याने पुसावा. दबलेले तंतू उभे राहतात आणि हाताला खरखर लागते. वाळल्यावर बारीक कागदाने हलकेच घासावे आणि हे पुन्हा एकदा करावे. तेल लावणार असाल तरीही ही पायरी गाळू नये; नाहीतर पहिल्याच धुण्यात गुळगुळीतपणा जातो.

आणि लेप कितीही निर्दोष असला तरी खालचे लाकूड तसे हवे. कण्हेर आणि काजरा यांच्या लाकडाचा वाडगा कधीही करू नये. शिसवीचा भुसा काहींना ॲलर्जी आणतो. कातताना तोंडावर मास्क हवाच. रेल्वेच्या जुन्या स्लीपरचे लाकूड देखणे असते, पण त्यात विषारी क्रिओसोट मुरवलेले असते. मालवाहतुकीच्या फळ्यांवर शिक्का पाहावा : ‘एचटी’ म्हणजे उष्णता दिलेले, ‘एमबी’ म्हणजे मिथिल ब्रोमाइडची धुरी दिलेले. शिक्का नसेल तर त्या लाकडाचे स्टूल करावे.

पुढची प्रकरणे वाडग्याच्या वापरानुसार लावली आहेत, लेपाच्या नावानुसार नाहीत. आधी कोरड्या पदार्थांचे वाडगे, मग थंड आणि ओल्यांचे, मग आंबटांचे आणि शेवटी गरम पदार्थांचे. प्रत्येक ठिकाणी दोन किंवा तीनच लेप सुचवले आहेत आणि प्रत्येकाची घरच्या घरी दुरुस्ती करण्याची रीत सोबत दिली आहे. गरम पदार्थांच्या प्रकरणात एक उत्तर असे आहे की लाकडी वाडग्याऐवजी पितळ किंवा माती घ्या. आवडीच्या वस्तूचाही कुठे उपयोग नाही हे सांगणे पुस्तकाचे काम आहे.

विकणाऱ्यांना एक विनंती आहे आणि ती याच पुस्तकाच्या शेवटी नमुन्यादाखल छापली आहे. प्रत्येक वाडग्याबरोबर बोटभर रुंदीची चिठ्ठी द्यावी. लाकूड कोणते, आत काय लावले, कधी लावले, किती दिवसांनी पुन्हा लावायचे आणि काय वाढायचे नाही, एवढ्या पाच ओळी. ती चिठ्ठी वाचून घेणारी बाई ‘मग आमटीला नको’ म्हणाली तर एखादे गिऱ्हाईक जाईल. तिच्या घरी वाडगा कुजण्यापेक्षा ते बरे. आणि आत काय लावले आहे हेच सांगता येत नसेल, तर तो वाडगा शोभेचा म्हणून विकावा आणि तसे तोंडाने स्पष्ट सांगावे.